रीसेटचे बटण दाबण्यापूर्वी



शाळेच्या संगणक कक्षात मुले विमान उडवण्याचा खेळ, म्हणजे फ्लाइट सिम्युलेटर, खेळतात. हा वेळेचा व विजेचा अपव्यय आहे, असे काहींचे म्हणणे आहे. आमचे मत वेगळे आहे; मात्र त्याला एक अट आहे.

ऑटोपायलट लावला की विमानाचे नाक वर वर जाते, वेग कमी होतो आणि विमान कोसळते, ही मुलांची नेहमीची तक्रार. लगेच रीसेटचे बटण दाबून नवे उड्डाण सुरू होते. कारण कोणी शोधत नाही, म्हणून थोड्या वेळाने पुन्हा तेच घडते. खेळ असाच चालणार असेल, तर आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे रास्त आहे.

पुष्कळदा विमानात बिघाड नसतोच. सेसना १७२ सारख्या लहान विमानातील ऑटोपायलट नाक वर-खाली करतो. इंजिनाचा जोर वाढवणारा थ्रॉटल मात्र वैमानिकाच्याच हाती असतो. पाच हजार फुटांची उंची नेमून दिली आणि थ्रॉटल वाढवला नाही, तर ऑटोपायलट ती गाठण्यासाठी नाक उचलतच राहतो. वेग इतका घटतो की पंख विमानाला पेलू शकत नाहीत. यंत्र सांगितलेले काम करते. सांगायचे काय राहिले, ते आपण पाहायचे असते.

ही गोष्ट केवळ खेळातली नाही. १४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून बंगळूरला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे एअरबस ए-३२० विमान धावपट्टीच्या अलीकडेच गोल्फच्या मैदानावर आदळले. १४६ जणांपैकी ९२ जण मृत्युमुखी पडले. उतरताना स्वयंचलित यंत्रणा अशा स्थितीत होती की इंजिने किमान जोरावरच चालत राहिली. नाक वर उचलले जात होते आणि वेग आवश्यक १३२ नॉटवरून सुमारे १०६ नॉटपर्यंत उतरला होता. हे ध्यानात येऊन जोर वाढवला, तेव्हा फार उशीर झाला होता. तिथे रीसेटचे बटण नव्हते.

म्हणून विद्यार्थ्यांनी हा क्रम पाळावा. प्रथम ऑटोपायलट बंद करा, नाक थोडे खाली घ्या, जोर वाढवा आणि विमान हाताने सावरा. मग खेळ थांबवून एकेक गोष्ट तपासा. वेग किती होता? ऑटोपायलटला कोणती उंची आणि चढण्याचा कोणता दर दिला होता? नाकाचा तोल राखणारा ट्रिम कुठे आहे? जॉयस्टिक सोडली की मध्यावर येते का? मागच्या बाजूला वजन जास्त भरले आहे का? एका वेळी एकच बदल करून पुन्हा उडवा. दोन बदल एकदम केले, तर खरे कारण कोणते ते कळत नाही.

बुऱ्हाणपूरच्या मुलांना हे नवीन नाही. ज्यांच्या घरी पॉवरलूम आहे, त्यांनी पाहिलेच असेल. धागा तुटला की माग थांबवतात, तुटलेला धागा शोधून गाठ मारतात आणि मगच माग पुन्हा चालू करतात. न शोधता माग चालवला, तर कापडात दोष उतरतो. गणिताचे उत्तर चुकले की गाइडमधून बरोबर उत्तर उतरवून घेणे, हेही रीसेटच आहे. कोणती पायरी चुकली ते शोधणारा विद्यार्थीच पुढच्या वेळी सावध राहतो.

आमची अट एवढीच की संगणक कक्षात एक नोंदवही राहील. विमान कोसळले की तारीख, काय घडले, काय तपासले आणि कारण काय निघाले, हे चार ओळींत लिहायचे. लिहिल्याशिवाय नवे उड्डाण नाही. पालकांना विनंती आहे की मुलाला किती वेळ उडवले हे विचारू नका. का पडले ते विचारा. विश्वस्त मंडळाने सत्राच्या शेवटी ती वही स्वतः वाचावी आणि मगच खेळ ठेवायचा की बंद करायचा ते ठरवावे. तो निर्णय आम्हाला मान्य राहील.