साप शिरणार नाही असे लाकडी खुराडे



एका तरुण वाचकाचे पत्र आले आहे. त्याच्या शेतात बांधावर एक मोठी धामण राहते. उंदरांना तिचा चांगला वचक आहे. तिला धरून घरी लाकडी पेटीत पाळावी, असे त्याच्या मनात आहे. पेटी कशी करावी, असे तो विचारतो. त्याच डाकेने एका भगिनीचे पत्र आले. त्यांच्या खुराड्यात पंधरवड्यात दोनदा नाग शिरला, चार पिल्ले आणि बरीच अंडी गेली. आता कोंबड्या ठेवाव्यात की विकून टाकाव्यात, असे त्या विचारतात. दोघांना मिळून एकच उत्तर देतो. साप पेटीत नको, कोंबड्या पेटीत हव्यात.

साप पाळता येतो का?

अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये हौशी लोक घरी साप पाळतात. कॉर्न स्नेक नावाचा बिनविषारी साप तिकडे त्यासाठी प्रसिद्ध आहे, आणि त्याची पैदासही लोक घरीच करतात. आपल्याकडे तसे नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली झाला. त्यानुसार आपल्या शिवारातला नाग, घोणस किंवा धामण पकडणे, मारणे, घरात बाळगणे हा गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी हिशेबाने पाहा. बांधावरची धामण उंदीर मारते आणि त्याबद्दल आपल्याकडे काही मागत नाही. पेटीत घातली की उंदीर मोकळे आणि तिला खायला घालण्याचे काम आपल्या गळ्यात. तिची जागा बांधावरच आहे.

पण परदेशी लोकांच्या त्या लाकडी पेटीतून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. साप बाहेर निसटू नये म्हणून ते तीन गोष्टी सांभाळतात. पेटीला कोठेही फट ठेवत नाहीत. हवेच्या भोकांना बारीक, घट्ट जाळी मारतात. आणि दार नुसते लोटून न ठेवता त्याला कडी घालतात, कारण साप तोंडाने रेटून सैल दार उघडतो. साप आत येऊ नये म्हणून आपल्याला नेमके हेच करायचे आहे. फरक एवढाच, की त्यांचा साप आतून रेटतो म्हणून ते जाळी आतल्या बाजूने मारतात. आपला बाहेरून रेटणार, म्हणून आपण ती बाहेरच्या बाजूने मारायची.

खुराडे आणि माणसाचा जीव

खुराड्यात साप शिरला तर नुकसान फक्त अंड्या-पिल्लांचे, असे समजू नये. बहुतेक घरी खुराडे ओसरीवर, पडवीत किंवा माजघराच्या भिंतीला लागून असते. सांडलेल्या कण्यांना उंदीर येतात, उंदरांच्या मागे साप येतो, आणि तीन-चार हातांवर पोरेबाळे जमिनीवर झोपलेली असतात. मण्यार तर रात्रीच फिरते आणि अंथरुणातल्या माणसाला चावल्याचे प्रकार नेहमी घडतात. २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांतली बहुतेक खेड्यांतली होती. पहाटे अंधारात अंडी काढायला खुराड्यात हात घालते ती घरची बाई किंवा लहान मूल. म्हणून खुराडे नीट करणे हे कोंबड्यांइतकेच माणसांसाठी आहे.

जागा कोणती?

झोपण्याच्या जागेपासून खुराडे निदान १५ ते २० फूट दूर असावे. मात्र ओसरीवरून दिसावे, म्हणजे कुत्र्या-मांजराची चाहूल लागते. सरपणाची रास, कडब्याची गंजी, गोवऱ्यांची हुडवी आणि दगडांचा ढीग यांच्या जवळ ते ठेवू नये. ही सर्व उंदरांची आणि सापांची घरे आहेत. भोवती ६ फूट जागा झाडून स्वच्छ ठेवावी. वर झाडाची फांदी टेकलेली नसावी. तोंड पूर्वेकडे करावे, म्हणजे सकाळचे ऊन आत येते आणि पश्चिमेचा पाऊस पाठीवर जातो.

माप आणि सामान

दिवसा परसात मोकळ्या फिरणाऱ्या १० ते १२ कोंबड्यांना रात्रीच्या मुक्कामासाठी ४ फूट लांब व ३ फूट रुंद खुराडे पुरते. पुढची उंची ३ फूट आणि मागची अडीच फूट ठेवावी, म्हणजे छपराला उतार मिळतो. जमिनीपासून तळ २ फूट वर असावा. म्हणजे पुढचे दोन खांब ५ फुटांचे आणि मागचे दोन साडेचार फुटांचे लागतील.

खांबांना वाळलेली बाभूळ उत्तम. फळ्यांना नवे लाकूड विकत घेण्याचे कारण नाही. जुन्या दाराच्या फळ्या किंवा बाजारातली रिकामी खोकी चालतात. सुमारे ६० चौरस फूट फळी लागेल. ओले लाकूड मात्र वापरू नये. आज घट्ट बसलेल्या ओल्या फळ्या वाळल्या की आक्रसतात आणि दोन महिन्यांत बोटभर फटी पडतात.

जाळी हा या कामाचा प्राण आहे. षटकोनी भोकांची नेहमीची कोंबडीजाळी कोंबड्यांना आत ठेवते, सापाला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाच्या जाळीतून मोठा साप जात नाही, पण पिल्लू जाते. साप म्हणू नये धाकला, ही म्हण येथे अक्षरशः लागू आहे. नागाच्या पिल्लालाही जन्मतः विष असते. म्हणून पाव इंच भोकाची, तारा डागून जोडलेली लोखंडी जाळी घ्यावी. ती महाग पडते, पण आपल्याला लागते ती जेमतेम १० चौरस फूट. बाकी सर्व बाजू फळीच्या आहेत. नायलॉनची जाळी लावू नये. उंदीर ती कुरतडतात आणि साप तिच्यात अडकून बसतो. मग सोडवायला जाणाऱ्याला धोका.

बांधणी

१. प्रथम चारही खांब आडव्या पट्ट्यांनी जोडून सांगाडा करावा आणि गुण्या लावून तो काटकोनात आहे ना, हे पाहावे. सांगाडा तिरका असला की दार कधीच नीट बसत नाही आणि फट राहते.

२. तळाला पाऊण इंच जाडीच्या फळ्या रंधा मारून एकमेकींना भिडवून ठोकाव्यात. वर साधा पत्रा अंथरावा. पत्र्यामुळे विष्ठा खरवडून काढता येते आणि घुशीने खालून लाकूड कुरतडले तरी तिला आत येता येत नाही. त्यावर दोन इंच भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा पसरावा.

३. मागची बाजू फळ्यांनी बंद करावी, मात्र वरच्या अंगाला ६ इंचांची पट्टी जाळीसाठी सोडावी. पुढच्या बाजूला खालचा अर्धा भाग फळीचा आणि वरचा अर्धा जाळीचा ठेवावा. समोरासमोर हवा खेळली नाही तर विष्ठेच्या वाफेने कोंबड्यांना श्वासाचे विकार होतात. सापाच्या भीतीने हवा बंद करू नये.

४. जाळी बाहेरून लावावी. दर दोन इंचांवर यू आकाराचा खिळा मारावा आणि कडांवरून लाकडी पट्टी ठोकावी. नुसत्या खिळ्यांवर भिस्त ठेवल्यास मधली जाळी उचलली जाते आणि साप नेमका तेथून आत जातो.

५. पुढच्या फळीत कोंबड्यांच्या ये-जा करण्यासाठी १ फूट रुंद व १४ इंच उंच दार ठेवावे. त्याला बिजागरीपेक्षा खाचेत वरखाली सरकणारी झडप बरी. ती बंद झाली की तळाच्या पट्टीमागे बसली पाहिजे. उजव्या बाजूला साफसफाईसाठी २ फूट लांब व तितकेच रुंद दार बिजागरीवर बसवावे. त्याच्या चौकटीला आतून चारी बाजूंनी पट्टी मारावी, म्हणजे दार त्या पट्टीवर टेकते आणि फट झाकली जाते. वर आणि खाली अशा दोन कड्या लावाव्यात. एकच कडी मध्यभागी असली की खालचा कोपरा रेटला जातो.

६. डाव्या बाजूला बाहेरून अंड्यांचे तीन कप्पे जोडावेत. प्रत्येक कप्पा १ फूट लांब, रुंद आणि उंच. १२ कोंबड्यांना तीन कप्पे पुरतात. वरून उतरते झाकण बिजागरीवर ठेवावे आणि त्यालाही कडी असावी. झाकण वर करून अंडी दिसतात, आत न पाहता हात घालावा लागत नाही. या कप्प्यांचा सर्वांत मोठा लाभ हाच आहे.

७. आत तळापासून ९ इंच उंचीवर दोन दांड्या बसवाव्यात. दांडी दोन इंच जाड आणि वरून गोल केलेली असावी. गिरिराज, वनराज या जातींचे पक्षी वजनाने भारी असतात, त्यांना बारीक दांडी सोसत नाही.

८. छपराला नालीदार पत्रा टाकणार असाल तर येथे विशेष लक्ष द्यावे. पत्रा चारी बाजूंनी अर्धा फूट बाहेर काढावा. पत्र्याची प्रत्येक नाळ आडव्या पट्टीवरून जाते तेथे बोट जाईल एवढे भोक राहते. बाकी सर्व घट्ट केलेल्या खुराड्यात साप शिरतो तो बहुधा येथून. पुढे आणि मागे प्रत्येक नाळीत जाळीची गुंडाळी ठोसून वर सिमेंटचा गिलावा करावा.

काम झाले की एक पेन्सिल घ्यावी आणि सगळ्या सांध्यांवरून फिरवावी. जेथे पेन्सिल आत जाते तेथे उंदराचे पिल्लू जाते, आणि जेथे ते जाते तेथे सापाचे पिल्लूही जाते. अशी प्रत्येक जागा पत्र्याच्या तुकड्याने बंद करावी. ही परीक्षा दर पावसाळ्यापूर्वी पुन्हा घ्यावी.

उंच पायांबद्दल एक गैरसमज

खुराडे उंच आहे, आता साप चढणार नाही, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. धामण झाडावर सहज चढते, आणि सहा-सात फुटांची धामण दोन फूट तर नुसती मान उचलून गाठते. उंच पायांचा उपयोग निराळा आहे. खाली अडगळ दिसते, झाडता येते, ओल चढत नाही, आणि पायांना फूटभर गुळगुळीत पत्रा गुंडाळला की उंदीर चढत नाहीत. साप अडतो तो जाळीने आणि घट्ट दाराने.

लसूण, फिनेल, डांबराच्या गोळ्या भोवती टाकल्याने साप येत नाही, असेही सांगतात. या उपायांवर विसंबू नये. डांबराच्या गोळ्या कोंबड्यांनी टिपल्यास त्यांनाच विषबाधा होते.

रोजची शिस्त

चांगल्या खुराड्याचा निम्मा गुण बांधणीत आणि निम्मा वापरात असतो. तिन्हीसांजेला कोंबड्या मोजून आत घ्याव्यात आणि अंधार पडण्यापूर्वी कड्या लावाव्यात. अंडी दिवसा दोनदा काढावीत. रात्रभर आत ठेवू नयेत. रात्री खाद्य आत ठेवू नये. कण्या आणि भरड झाकणाच्या डब्यात ठेवावी, पोत्यात नव्हे. तूस आठवड्याला बदलावे आणि दर तीन महिन्यांनी आतून चुना द्यावा, म्हणजे फळ्यांच्या सांध्यांत उवा-गोचीड राहत नाहीत.

तरीही साप दिसला तर

दार अर्धवट लागलेले राहिले आणि साप शिरलाच, तर आत हात किंवा काठी घालू नये. पिल्लू गिळलेला साप फुगतो, आलेल्या भोकातून परत जाऊ शकत नाही, आणि अशा वेळी चिडलेला असतो. मुलांना दूर ठेवावे, सात-आठ फुटांवरून बॅटरी धरून नजर ठेवावी आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा वनखात्याकडे नोंद असलेल्या सर्पमित्राला कळवावे.

दंश झालाच तर कापणे, चोखणे, आवळून बांधणे आणि मांत्रिकाकडे नेणे, यांतले काहीही करू नये. माणसाला धीर द्यावा, चालवू नये, दंशाचा हात किंवा पाय फळीला सैलसर बांधून स्थिर ठेवावा, अंगठ्या-बांगड्या काढाव्यात आणि १०८ ची गाडी बोलावून अथवा मिळेल त्या वाहनाने तडक दवाखान्यात न्यावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर एकच लस चालते. साप ओळखण्यात किंवा मारून बरोबर नेण्यात वेळ घालवू नये. घरात शक्यतो खाटेवर झोपावे. जमिनीवरच झोपायचे असेल तर मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचावी.

तेव्हा त्या भगिनींनी कोंबड्या विकू नयेत. घरी करवत, रंधा आणि हातोडा असेल तर दोघांनी मिळून हे काम तीन-चार दिवसांत होते. अवघड वाटले तर गावच्या सुताराला हे माप दाखवावे. आणि आमच्या तरुण मित्राने धामणीसाठी जमवलेल्या फळ्या या कामी लावाव्यात. बांधावरची धामण उंदीर राखील, खुराडे कोंबड्या राखील, आणि दोघींची गाठ पडणार नाही.