सागवान खरे, पण गाभा किती?

सरकारी इमारतींत लाकूड वापरण्यावर केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने १९९३ साली घातलेली बंदी २०२० मध्ये उठली. शेतकऱ्याच्या झाडाला त्यामुळे गिऱ्हाईक मिळेल, हे स्वागतार्हच. मात्र केवळ जातीच्या नावावर लाकूड टिकत नाही. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत लाकडाचे तुकडे जमिनीत पुरून वाळवी व बुरशीच्या हवाली केले जातात. सरासरी १२० महिने वा अधिक टिकणारी जात पहिल्या वर्गात, ६० महिनेही न टिकणारी तिसऱ्या. सागवान पहिल्या वर्गातले. पण हा मान गाभ्याचा आहे. वाळवीला रोखणारी टेक्टोक्विनोनसारखी द्रव्ये झाड गाभ्यातच साठवते. भोवतालचे फिकट रसकाष्ठ, मग ते सागाचे का असेना, लवकर पोखरले जाते. आणि गाभा वाढतो तो वयाबरोबर. लागवडीतला कोवळा साग पंधरा-वीस वर्षांत तोडला, तर त्यात रसकाष्ठच फार. जुन्या सागाच्या भावाने तो सरकारी चौकटीत बसवणे ही जनतेच्या पैशाची नासाडी होय. निविदेत गाभ्याचे किमान प्रमाण नमूद व्हावे. रसकाष्ठ घ्यायचेच, तर त्यात दाबाखाली परिरक्षक भरल्याचा दाखला मागावा. गाभ्यापेक्षा ते औषध सहज शोषते, त्यामुळे ही अट अवाजवी नाही.