लेहंगा साडी, टाचण्या आणि आपण

मैत्रिणींनो, गेल्या नवरात्राआधी आमच्या गटाच्या बैठकीत भांडण झाले. विषय काय, तर लेहंगा साडी. औंधजवळच्या एका गावातल्या चार-पाच मुली आल्या होत्या. म्हणाल्या, "ताई, दसऱ्याला मेळावा घेताच आहात, तर लेहंगा साडी नेसायची स्पर्धा ठेवा. बायका येतील तरी." आमची एक जुनी मैत्रीण उसळली, "असली थेरं आपल्या व्यासपीठावर नकोत." दुसरी म्हणाली, "आणि ते परप्रांतीय. आपली नऊवारी काय वाईट आहे?" मुली गप्प बसल्या. पुढच्या बैठकीला त्या आल्याच नाहीत. म्हणून हे लिहिते आहे.

आधी नऊवारीवाल्या मैत्रिणीला उत्तर देते. औंधला यमाईच्या डोंगरावर भवानी वस्तुसंग्रहालय आहे, १९३८ साली बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभारलेले. तिथे राजा रविवर्म्याची चित्रे आहेत. माणूस केरळचा, पण देवी आणि पुराणातल्या नायिका रंगवताना त्याने त्यांना पुष्कळदा मराठी वळणाची साडी नेसवली. त्याच्या छापखान्यातून त्या तसबिरी घरोघर गेल्या. तेव्हा कुणी ती साडी परप्रांतीय म्हणून परत पाठवली नाही! आणि आपल्या लहानपणीचा खणाचा परकर म्हणजे तरी काय? त्याचाच घेर वाढवला की लेहंगा. लमाण बायांचा घागरा तर ऊसतोडीच्या हंगामात दरवर्षी आपल्या शिवारात येतो. त्याच्याकडे पाहून नाक मुरडणाऱ्या घरांतच आज लग्नाला घेरदार लेहंगा लागतो. म्हणजे प्रश्न प्रांताचा नाहीच. कपडा कुणाच्या अंगावर आहे त्यावर त्याची इज्जत ठरते.

कासोट्याचे गोडवे गाताना आपण आणखी एक विसरतो. केशवपन केलेल्या विधवेचे आलवणही नऊवारीच होते. आणि पहिल्यांदा कासोटा सोडून गोल साडी नेसली तेव्हा किती बोलणी खाल्ली, ते माझी आजी सांगायची. तेव्हाही संस्कृतीच बुडत होती. ती बुडाली नाही, बायका मात्र पाचवारीत शाळेत शिकवायला जाऊ लागल्या.

मग लेहंगा साडीवर माझा आक्षेप नाही का? आहे. पण तो वेगळा आहे.

माझ्या भाचीचे सांगते. नेहमीची साडी आपण पुढे निऱ्या घालून खोचतो. लेहंगा साडीत कमरेभोवती सगळीकडून निऱ्या घालायच्या, खाली फुगीर परकर, प्रत्येक दोन-तीन निऱ्यांना टाचणी, पदर वेगळा टाचायचा, नाहीतर वरून ओढणीच घ्यायची. दिसते सुंदर, खोटे कशाला बोलू. अष्टमीला ती अशी नटून आमच्याबरोबर यमाईला निघाली. पायऱ्यांवर दोन्ही हातांनी घेर उचलून धरलेला, त्यामुळे प्रसादाची पिशवी माझ्याकडे, चपला माझ्याकडे. अर्ध्या वाटेवर मी पाण्याची बाटली पुढे केली तर म्हणाली, "नको मावशी. लघवीला लागली तर हे सगळं सोडायचं कुठं?" सकाळी आठपासून दुपारी तीनपर्यंत पोरीने घोटभर पाणी घेतले नाही. रात्री पोटात कळा.

हा माझा आक्षेप आहे. ज्या औंध संस्थानात शाळांतून सूर्यनमस्कार सक्तीचे होते, त्याच औंधात आज सणाच्या दिवशी धडधाकट मुलीला वाकता येत नाही, मांडी घालता येत नाही, आणि तहान लागली तर पाणी पिता येत नाही. ७२ च्या दुष्काळात आमच्या माण-खटावच्या बायांनी कासोटा घालून खडी फोडली, पाटीने माती वाहिली. कौतुक कासोट्याचे नाही, त्यात पाय मोकळे राहत होते याचे. ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी बाईचे पाय बांधायचे, असा सण असतो का? नऊ दिवसांचे नऊ रंग वर्तमानपत्रांनी लावून दिले, त्याला आता या टाचण्यांची जोड.

आणि स्पर्धा! स्पर्धेत कोण उभी राहते ते बघा. साडीला आणि परकराला पैसे आहेत ती. कंबर बारीक आहे ती. जिचा नवरा आहे आणि नांदवतो आहे ती. आमच्या गटात निम्म्या बाया विधवा आणि परित्यक्ता. हळदीकुंकवाला त्यांना बोलवा म्हणून आपण गावोगाव भांडलो, आणि आता आपल्याच मेळाव्यात त्यांना सतरंजीवर बसून टाळ्या वाजवायला सांगायचे? ते मला मान्य नाही.

पण त्या मुलींपैकी एक लग्नाघरी जाऊन साडी नेसवून देते, हे बैठकीत कुणी विचारलेच नाही. लग्नसराईत तिला चार पैसे मिळतात, तेही स्वतःच्या हातात. ही कारागिरी आहे. नटवेपणा म्हणून तिला हिणवणारी आमची मैत्रीण शिवणक्लास मात्र मोठ्या अभिमानाने चालवते. सुई चालते आणि टाचणी चालत नाही, हे कसे?

तेव्हा माझे म्हणणे असे. स्पर्धा नको, वर्ग घ्या. त्या मुलीलाच शिकवायला बोलवा, मानधन द्या. विधवा बायांना पहिल्या रांगेत बसवा, त्यांनाही नेसवा, हवे ते रंग नेसवा. कमी टाचण्यांत, पायऱ्या चढता येतील अशी ती साडी कशी नेसायची ते सगळ्या मिळून शोधू. आणि यात्रेत, नवरात्रात बायांसाठी पाण्याची सोय असलेली स्वच्छ मुतारी हवी, हा अर्ज ग्रामपंचायतीकडे त्याच मुलींच्या सहीने जाऊ दे.

३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीचा कार्यक्रम आहे. त्याआधीच्या रविवारी मी त्या मुलींच्या गावी जाते आहे. बैठकीत उसळलेल्या मैत्रिणीनेही माझ्याबरोबर यावे. एसटी सकाळी साडेआठची आहे.