नगरसेवकांची शिकवणी

डिसेंबर 2025 मध्ये नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या आणि दीर्घ प्रशासकीय राजवटीनंतर लोकनियुक्त सदस्य पुन्हा सभागृहांत आले. आता त्यांच्यासाठी प्रशिक्षणवर्ग भरतील. बहुधा कलमे वाचून दाखविली जातील, चहापान होईल आणि मंडळी परततील. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरनियोजन व झोपडपट्टी सुधारणा हे विषय आहेत, हे सदस्यांना ठाऊक असलेच पाहिजे. परंतु ज्यास नकाशा वाचता येत नाही आणि वस्ती उभी राहिल्यानंतरचा खर्च मांडता येत नाही, त्याच्या हाती अनुसूची देऊन काय साधणार?

या खर्चाचा धडा घेण्यासाठी मुंबई-पुण्यास जाण्याचे कारण नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील 52 गावे नव्या जागी वसविण्यात आली. आज लोहारा तालुक्यात असलेले सास्तूर त्यांपैकीच. तेथे घराचे क्षेत्रफळ जमीनधारणेवरून ठरले : भूमिहीन व अल्पभूधारकास 250 चौरस फूट, तर मोठ्या खातेदारास 750. कागदावर हे सूत्र सोयीचे होते. सातबारा दाखविला की वाद मिटे. घरात माणसे किती, हा प्रश्न मात्र त्यात नव्हता, आणि अडचण सोसली ती मोठ्या कुटुंबाच्या भूमिहीनाने.

आखणीचेही तसेच. दाट गल्ल्यांच्या जागी रुंद रस्त्यांची चौकट आली, गावे पूर्वीपेक्षा कितीतरी पसरली. दगडमातीच्या भिंतींखाली आप्त गमावलेल्यांना मोकळी जागा हवी होती, आणि त्या भीतीस नावे ठेवण्याचा अधिकार कोणासही नाही. तथापि गाव पसरले की नळ, गटारे आणि दिव्यांचे खांब हेही वाढतात. बांधकामाचा पैसा शासन, जागतिक बँक व देणगीदार यांनी एकदा दिला. दुरुस्तीचा भार वर्षानुवर्षे ग्रामपंचायतीवर राहिला. भांडवली व आवर्ती खर्चातील हा भेद आम्ही वर्गात फळ्यावर लिहितो. तेथे तो रस्त्यावर दिसतो.

धारावाहिक चर्चा पुष्कळ होते, पण धाराशिव शहरास उजनीहून पाणी आणावे लागते, हे गावाबाहेरच्या प्रत्येक नव्या वसाहतीस संमती देताना आठवले पाहिजे. आरक्षणांचेही भान हवे. 1966 च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम 127 प्रमाणे, आरक्षित जमीन दहा वर्षांत संपादित न झाल्यास मालक खरेदीची सूचना देऊ शकतो आणि पुढील मुदतीत हालचाल न झाल्यास आरक्षण संपुष्टात येते. पैशाची तरतूद न करता क्रीडांगण आरक्षिणारा ठराव म्हणजे मुलांना दिलेले कोरे आश्वासन होय.

हे काम मुख्याधिकारी व नगररचनाकार यांचे, असा आक्षेप येईल. तांत्रिक शक्यता त्यांनी सांगाव्यात. पण आधी गटार की आधी उद्यान, हा निवाडा निवडून आलेल्यांचाच आहे. तो न समजता ज्याने हात वर केला, त्याच्या नावे निर्णय भलताच कोणीतरी घेत असतो.

म्हणून पहिला वर्ग सास्तूरला भरवावा. सदस्यांनी गाव पायी पाहावे, ग्रामपंचायतीचे पाणी व दिवाबत्तीचे हिशेब वाचावेत. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने आपल्या प्रभागाचा विकास आराखडा भिंतीवर लावून, कोणते आरक्षण कोणत्या वर्षी दहा वर्षांचे होते ते स्वतःच्या हाताने लिहावे. आणि नागरिकांनाही तो पाहता यावा, म्हणून त्या दिवशी सभागृहाचे दार उघडे ठेवावे.