व्हीटली यांची घरे

मजुरांस घरे देऊ म्हणणारे मंत्री उदंड झाले. त्यासाठी पैसा कोण देणार आणि किती वर्षे देणार, हे कायद्यात लिहून ठेवणारा विरळाच. ग्लासगोतील शेटल्स्टनचे प्रतिनिधी जॉन व्हीटली हे आमच्या मते अशा विरळ्यांपैकी होत. खाणीत राबलेल्या या गृहस्थांनी १९१३ सालीच नगरपालिकेने ट्रामच्या नफ्यातून आठ पौंड वर्षभाड्याची घरे बांधावीत, अशी योजना मांडली होती. १९१५ मध्ये घरमालकांनी युद्धाची संधी साधून भाडी वाढविली, तेव्हा मेरी बार्बर यांच्यासारख्या स्त्रियांनी भाडेबंदी पुकारली, आणि भाडी गोठविणारा कायदा सरकारला त्याच वर्षी करावा लागला. सीमालढ्यातील आमच्या वाचकांस या घटनाक्रमाचे मर्म निराळे सांगावयास नको.

१९२४ साली पहिल्या मजूर मंत्रिमंडळात व्हीटली आरोग्यमंत्री झाले. गृहनिर्माण त्याच खात्याकडे असे. मंत्रिमंडळ दहा महिनेही टिकले नाही. तथापि त्यांच्या कायद्याने नगरपालिकांच्या प्रत्येक घरामागे सालीना नऊ पौंड, तेही चाळीस वर्षे, देण्याचे बंधन केंद्रीय तिजोरीवर घातले. घरे बांधावयाची व भाड्याने द्यावयाची ती स्थानिक संस्थांनीच. बांधकाम कामगारांच्या संघटनांशीही त्यांनी आधीच बोलणे केले होते, कारण गवंडीच नसतील तर अनुदान काय कामाचे? पाच लाखांवर घरे या कायद्याखाली उभी राहिली.

एक उणीव मात्र आम्हांस खटकते. या घरांचे भाडे नियमित मजुरी मिळविणाऱ्यासच झेपे. अगदी दरिद्री कुटुंब जुन्या कोंदट खोलीतच राहिले. व्हीटली १९३० साली वारले, आणि १९३३ मध्ये हे अनुदान नव्या घरांना मिळणे बंद झाले.