विश्रांतीचा समुद्र कोणाचा?

जहाजावरच्या सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत एखाद्या दिवसापुढे बंदराचे नाव नसते. नुसते 'समुद्रात' एवढेच लिहिलेले असते. त्या दिवशी जहाज कोठेही थांबत नाही. प्रवाशाने डेकवर खुर्ची टाकून पडावे, जेवावे, झोपावे आणि चारी बाजूंचे पाणी पाहावे. मुंबईहून २०२१ पासून 'कॉर्डेलिया'चे 'एम्प्रेस' हे जहाज अशा सहली करू लागले. २०२५ मध्ये मुंबई बंदरात अशा जहाजांसाठी नवे टर्मिनलही सुरू झाले.

आमच्या वर्गात यावर बराच वाद रंगला. एक पक्ष म्हणाला, ही धनिकांची चैन आहे, तिच्याशी आपल्याला काय कर्तव्य? दुसरा म्हणाला, ज्याचा पैसा त्याने उडवावा, आपण का जळावे? मला दोन्ही मते अपुरी वाटतात. एक दिवस काही न करता पाण्यावर राहणे ही चैन नसून माणसाची गरज आहे, आणि म्हणूनच ती केवळ पैसेवाल्यांची मिरास असता कामा नये.

विश्रांतीला चैन समजणाऱ्यांनी आपल्या रविवारचा इतिहास आठवावा. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभारली व आठवड्याच्या सुटीची मागणी लावून धरली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांना ती मान्य करावी लागली. ज्यांच्या पोटाची भ्रांत मिटलेली नव्हती, त्यांनी पगाराबरोबर विश्रांतीही मागितली, हे विसरून चालणार नाही. माझे वडील मार्केट यार्डात पोती उचलतात. त्यांच्या लेखी सुटी म्हणजे दुखरी पाठ जमिनीला टेकणे. पन्नाशी आली तरी त्यांनी समुद्र पाहिलेला नाही. त्यांना समुद्राची गरज नाही, असे म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे?

हाच समुद्र एके काळी साध्या माणसाच्या वाट्याला येत होता. मुंबईहून रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला अशा बंदरांना लागत आगबोटी जात. गिरणीतला चाकरमानी शिमग्याला वळकटी घेऊन डेकवर पथारी पसरी. त्या प्रवासाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. गर्दी असे, बोट लागे, आणि बंदर उथळ असले तर भर समुद्रात पडावात उतरावे लागे. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडून सहाशेंहून अधिक माणसे दगावली. तरीही त्या डेकवर गिरणी कामगाराला काही तास ना भोंगा ऐकू येई, ना मुकादमाची हाक. पुढे रस्ते सुधारले, बोटी बंद पडल्या, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली. प्रवास सोपा झाला हे चांगलेच झाले. पण साध्या माणसाचा समुद्र मात्र गेला. २०१८ च्या ऑक्टोबरात 'आंग्रिया' जहाज मुंबईहून गोव्याला निघाले, तेव्हा ती जुनी वाट पुन्हा उघडली, पण पर्यटनासाठी.

या सुखाला आणखी एक बाजू आहे. प्रवाशाच्या विश्रांतीचा दिवस हा खानसामा, सफाई कामगार व इंजिनखोलीतले कामगार यांच्या कष्टाचा दिवस असतो. २००६ चा आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करार भारताने २०१५ मध्ये स्वीकारला. त्यात जहाजावरील कामगाराला चोवीस तासांत किमान १० व आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती सांगितली आहे. म्हणजे एखाद्या दिवशी चौदा तास काम नियमात बसते. लोखंड्यांनी मागितलेला रविवार जहाजावर अद्याप पोहोचायचा आहे.

मग करावे काय? जहाजे बंद करा, असे मी म्हणणार नाही. माझे म्हणणे एवढेच, की सरकारी पैशाने बंदरे व धक्के बांधले जातात, तर त्यांवरून एस.टी.च्या लाल गाडीसारखी एक साधी बोटही सुटावी. भाऊच्या धक्क्यावरून २०२० पासून मांडव्याला मोटारींसह माणसे नेणारी मोठी फेरीबोट सुरू झाली. तासाभराच्या त्या वाटेवर पुष्कळांना समुद्राची पहिली ओळख होते. तीच वाट पुढे कोकणच्या बंदरांपर्यंत लांबवावी. स्वस्त डेकचे तिकीट असावे, वर सावली असावी, पुरेसे जीवरक्षक पट्टे असावेत, आणि बोटीवरच्या नोकरांनाही आठवड्याची पूर्ण सुटी असावी. अशा बोटीवर पुण्याचा हमाल, मोलकरीण, रिक्षावाला चढेल आणि दिवसभर काहीही करणार नाही. त्याला कोणी आळशी म्हणू नये.