उगवणे आणि उठणे

हिवाळ्यातल्या पहाटे थेरगावात पवनेच्या पात्रावर धुके उतरते. त्याच सुमारास पहिल्या पाळीचे कामगार चाकणकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत रस्त्यावर उभे असतात. एखाद्या पुरोगामी कवीने हे दृश्य पाहिले, तर त्याच्या कवितेचा शेवट आधीच सांगता येईल : धुके विरेल, सूर्य वर येईल, शोषितांची पहाट होईल. आपल्या मेळाव्यांतील गीतांत व विशेषांकांत ही प्रतिमा इतकी रुळली आहे, की तिच्यातील लबाडी आपल्या ध्यानातच येत नाही.

धुके ही निसर्गातील घटना आहे. निरभ्र रात्री जमीन निवते, तिच्यालगतच्या हवेतील बाष्पाचे सूक्ष्म थेंब होतात. ऊन चढले की कोणी काही न करता ते नाहीसे होतात. समाजव्यवस्थेवरील आवरण मात्र माणसांनी हिशेब करून घातलेले असते. यंत्रावर उभा असलेला तरुण कारखान्याचा माल तयार करतो, पण कागदोपत्री तो ठेकेदाराचा माणूस असतो. आपला मालक कोण, हेच त्याला दिसू नये अशी ही रचना आहे. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या नावातच 'निर्मूलन' हा शब्द होता. या पट्ट्यात त्यानंतर कंत्राटी पद्धतच फोफावली. हे धुके कोणत्या सूर्याने हटवावे?

मराठीत सूर्य उगवतो, माणूस उठतो. आपल्या क्रांतिकाव्याने माणसाचे काम सूर्यावर सोपवून दिले. केशवसुतांनी १८९३ साली 'तुतारी' मागितली, आणि तुतारीला फुंकणारा लागतो. नारायण सुर्वे यांचे 'माझे विद्यापीठ' (१९६६) वाचताना आपण रस्त्यावर, माणसांत असतो. पूर्वेकडे डोळे लावून बसलेले नसतो. (अर्थशास्त्राच्या माणसाने काव्यात नाक खुपसू नये, असे वाङ्मय शिकवणारे माझे सहकारी म्हणत. पहाटेच्या प्रतिमांना गुणही तेच देत!)

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. ते उठले, आणि हरले. सूर्य कधी हरत नाही. म्हणून त्याच्या उपमेत गावी परतलेल्या त्या कुटुंबांना जागा नाही, आणि संप का फसला या प्रश्नालाही नाही.

पुढील मेळाव्याच्या फलकावर उगवता सूर्य रंगवण्यापूर्वी कार्यकर्त्यांनी पहाटे त्या रस्त्यावर जावे आणि धुक्यात उभ्या असलेल्यांना त्यांच्या मालकाचे नाव विचारावे.